मुहूर्तावर भरलेली दाढ

शिक्रापूर, रविवार

प्रिय सत्या,

फोन सोडून पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, केंदूरला घरी सगळे ठीक आहेत. फोनवर तू मला हसवतोस आणि नको असलेला विषय हळूच गुंडाळून ठेवतोस, म्हणून कागद घेतला.

अंतराळवीरांच्या निवडीतली तुझी शेवटची तपासणी पुढच्या महिन्यात आहे आणि तुला माझ्या सहीचा दाखला हवा आहे, दात ठणठणीत असल्याचा. बहीणच दातांची डॉक्टर असताना दुसरीकडे कशाला जाऊ, असं तू म्हणालास. माझं लेटरहेड चार दिवस टेबलावर कोरंच पडून आहे.

त्या निमित्ताने मी मिळेल ते वाचून काढलं. तिकडे अंतराळात म्हणे चूळ थुंकायची सोय नाही, पाण्याचे गोळे तरंगत बसतात. पेस्ट एकतर गिळायची, नाहीतर टॉवेलात टिपायची. आबांना हे सांगितलं तर ते कांद्याच्या वाफ्यातच बसले. "गिळायची? मंग न्याहारी कशाला करायची?" तुळजाकाकूने तर मिश्रीची डबी पदराआड लपवली, जणू यान तिलाच न्यायला येतंय. वर दातांचा डॉक्टर नसतो. दाढेने फारच छळलं, तर आधी शिकवून ठेवल्याप्रमाणे सोबत्यानेच ती उपटायची. म्हणून जाण्याआधी एकेक दात तपासतात. आबांचं मत वेगळं. "पोरगं आभाळात चाललंय आन् तू दाताचं काय घिऊन बसलीस?"

दिवाळीत ओट्यावर बसून तू सहज सांगितलंस, की विमान उंच नेलं की उजवीकडच्या खालच्या दाढेत कळ येते, खाली उतरलं की जाते. हवाई दलाच्या डॉक्टरांना सांगितलं तर जमिनीवर बसवून ठेवतील, म्हणून गप्प आहेस. मी चहा टाकते म्हणून आत गेले. आपण नुकताच चहा घेतला होता, हे तुझ्या लक्षातही आलं नाही.

माझ्या दवाखान्याचं उद्घाटन आठवतं? सहा वर्षं झाली. खुर्चीला झेंडूचा हार, बाहेर मांडवात खोळंबलेल्या पंगती, आणि आबांचा हट्ट, की पहिला पेशंट घरचाच हवा आणि तोही मुहूर्तात. अकरा चाळीसला मुहूर्त संपत होता. तुला दौंडहून गाडी गाठायची होती. तू खुर्चीत आ वासून, आणि दारात आबा घड्याळ धरून, "उरक बाई, उरक!" मी उरकलं. दाढ भरली, तसाच घाईने एक एक्स-रे काढला. नारळ फुटला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तू बॅग उचलून पळालास.

तुझी गाडी दौंडहून सुटली असेल, तेव्हा मी तो एक्स-रे नीट पाहिला. भरलेल्या सिमेंटखाली काळा ठिपका होता. आत हवा राहिली होती. जमिनीवर ती गप्प बसते, पण उंचावर बाहेरचा दाब कमी झाला की फुगते आणि नसेवर रेटते. पुढच्या सुट्टीत पुन्हा भरू, असं मी मनाशी म्हटलं आणि फिल्म पाकिटात घातली. मग प्रत्येक सुट्टीत मला लाज वाटत राहिली. पहिलीच दाढ, तीही भावाची, आणि तीच चुकली हे कोणत्या तोंडाने सांगू? तुझी कळ माझ्या हातची आहे, सत्या. मला माफ कर.

दाखला मी देणार नाही. तो एक्स-रे या पत्रासोबत ठेवला आहे. तो तुझ्या डॉक्टरांना दाखव, कळ येते हेही सांग, आणि दाढ कुणी भरली ते नाव घेऊन सांग. वेळेत उघडून नीट भरली तर बहुधा सगळं निभावेल. नाहीच निभावलं तर माझ्यावर हवा तेवढा राग काढ, मी ऐकून घेईन. दुसऱ्या कुणाकडे जाणार असशील तर मी स्वतः सोबत येईन. माझ्यावर अजून भरवसा असेल तर शनिवारी ये, त्या दिवशी दुसरा पेशंट घेणार नाही. काल आबांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एकटीची न्हाई, पोरी. मीच घड्याळ धरून हुबा व्हतो." शनिवारी तेही येणार आहेत, बिनघड्याळाचे.

तुझीच,
वैशूताई