पोतंमामाचे नवे कान

घणसोली गाव,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. हसू नकोस. मोठ्या भावाला पत्राची सुरुवात अशीच करायची, असं शाळेत बाईंनी शिकवलं होतं आणि ते वापरायची वेळ आज पहिल्यांदाच आली. माझा नंबर तू ब्लॉक केलायस. घणसोलीहून तुझ्या जासईला यायला दीड तास लागतो, पण चार वर्षांत आपल्यापैकी कुणालाच ते जमलं नाही. म्हणून कागद.

इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे दुखतात आणि ती डॉक्टरांऐवजी जिन्याला शिव्या देते. आप्पा अजून वाशी मार्केटात जातात, पण हमालांच्या टोळीतले लोक आता त्यांना जड पोतं उचलू देत नाहीत, त्यामुळे रोज संध्याकाळी चिडून घरी येतात. मी महापेला एका स्टुडिओत गेमचे आवाज करते. हो, गेमचेच! ज्याच्यापायी तू आप्पांचा मार खाल्लास, त्याचाच मला पगार मिळतो.

तुला पोतंमामा आठवतो का रे? तू भंगारवाल्याकडून आणलेल्या त्या गेमच्या डब्यात एकच सीडी चालायची. तिच्यात एका बंद पडलेल्या कारखान्यात तो फिरायचा. त्याचं डोकं म्हणजे नुसता खाकी चौकोन. तू म्हणालास, "हे बघ, आप्पांच्या मार्केटातलं पोतं पळून आलं." तेव्हापासून तो आपला मामा झाला. मी उशीमागे लपायचे आणि तू मला समजवायचास की तो फक्त समोरचं बघतो, त्याच्या पाठीमागून गेलं की काही होत नाही.

तर तोच गेम बाहेरची एक कंपनी नव्याने करते आहे आणि पोतंमामाच्या आवाजाचं काम आमच्याकडे आलंय. नवा पोतंमामा बघून मी खुर्चीतच मागे सरकले. त्यांनी खरंच त्याच्या डोक्यावर पोतं घातलंय. तागाचे धागे दिसतात, तोंडापाशी ओलं आहे, आणि श्वास घेतला की ते कापड आत ओढलं जातं. जुन्या चित्रकाराला चेहरा काढायला जागाच नव्हती म्हणून त्याने चौकोन काढला असेल. नव्यांना तो चौकोन केवढा घाबरवून गेला असेल, बघ.

पण गंमत अशी की नुसत्या दिसण्याला लोक एकदाच घाबरतात. आम्ही दहा-बाराजणांना खेळायला बसवलं. पहिल्यांदा किंचाळले, दुसऱ्यांदा वेफर्स खात बसले. मग केयूर म्हणून आमच्यातला एकजण आहे, त्याने मामाला कान दिले. पाऊल वाजलं की मामा बरोबर तिथे हजर. तरी दहा मिनिटांत लोक दबकत चालायला शिकले आणि परत वेफर्स.

शेवटी केयूरने त्या कानात खोट घातली. आता मामाला कधी कधी चुकीचं ऐकू येतं. तुम्ही इकडे असता आणि तो पलीकडच्या खोलीत जाऊन, तुम्ही तिथेच आहात असं समजून वाट बघत उभा राहतो. दादा, त्या दिवशी खोलीत कुणी वेफर्सच्या पिशवीला हात लावला नाही. एका मुलीने तर हेडफोनच काढून ठेवला. मी केयूरला विचारलं, नीट ऐकणाऱ्यापेक्षा चुकीचं ऐकणारा जास्त भीतीचा का? तो म्हणाला, "कारण त्याला माहीतच नाय ना, की तो चुकलाय." माझ्या डोक्यातून हे काही केल्या जात नाही. तू असतास तर आपण यावर तासभर भांडलो असतो.

आता जे टाळत होते ते लिहिते. मी तुझी एक गोष्ट न विचारता घेतली.

आमच्या अरुणा मॅडमना मामाच्या गुरगुरण्याखाली माणसाचा खरा आवाज हवा होता. नाटकी ओरडणं नको म्हणाल्या. तू गेलास त्या रविवारी माझं कॉलेजचं काम चालू होतं, 'घरातला एक तास' रेकॉर्ड करायचं. फोन मी फ्रीजवर डब्यांच्या मागे ठेवला होता. ते भांडण त्यात सगळं आलं. ती फाइल मी कधी ऐकली नव्हती, पुसलीही नव्हती. मॅडमनी खरा आवाज म्हटल्यावर मला पहिला तूच आठवलास. मला खरी भीती वाटली ती फक्त तुझी, त्या दिवशी.

तू दारात उभा, हातात बॅग. आप्पांनी तुला गावी काकांकडे शेतावर पाठवायचं ठरवलेलं. आप्पा मोरीत पाय धूत होते, नळ चालू होता, आईने कुकर लावलेला. आणि तू ओरडलास, "मरा ना इथंच." चार वर्षं आमच्या घरात तुझं हे एकच वाक्य आहे. आप्पा कुणी तुझं नाव काढलं की एवढंच म्हणतात, "त्याने आम्हाला मरा म्हटलं."

मला तुझा आवाज हवा होता आणि त्यावर कुकरची शिट्टी बसली होती. शिट्टी एकाच उंचीवर वाजते, त्यामुळे ती वेगळी काढता येते. तीन दिवस बसून मी ती काढली. शिट्टीखाली तुझं वाक्य आम्ही ऐकलं त्याहून लांब निघालं.

"मला राऊ द्या ना इथंच."

मी पन्नास वेळा ऐकलं. केयूरला काही न सांगता ऐकवलं, त्यानेही हेच लिहून दिलं. 'मला'तला 'ला' शिट्टीने खाल्ला, पुढचं 'ऊ द्या' तू रडत होतास म्हणून घशातच राहिलं, आणि उरलं ते आम्ही ऐकलं. म्हणजे तू विनवलंस आणि आमच्यातलं कुणी उठलं नाही. चार वर्षं तू काय समजून बसला असशील, याचा विचार केला की मला जेवण जात नाही.

अजून संपलं नाही. मला वाटायचं, ते वाक्य आप्पांनी स्वतः ऐकलं. फाइलमध्ये दार आपटतं, नळ बंद होतो, मग आप्पा विचारतात, "काय म्हणला गं जाताना?" आणि माझा आवाज, अगदी स्वच्छ, "मरा ना इथंच म्हणला." आप्पांना काहीच ऐकू आलं नव्हतं, दादा. त्यांना मी सांगितलं.

आणि एवढ्यावर मी थांबले नाही. तू पोचलाच नाहीस म्हणून काकांनी विचारलं, तेव्हा माझ्या सांगण्यात तुझे डोळे लाल झाले होते. आत्याला सांगताना तू आप्पांच्या अंगावर धावून गेलास. दर वेळी तू आणखी भयंकर होत गेलास आणि दर वेळी मला वाटायचं, मी जे झालं तेच सांगते आहे. आमच्या ऑफिसात या कामाला वीसजण लागतात. घरी मी एकटीने केलं. मला माझी लाज वाटते.

तुझा आवाज मी मामात घालून मॅडमना ऐकवलाही होता, तो काढून टाकला. मॅडम वैतागल्या, म्हणाल्या, "काल अंगावर काटा येत होता, आज सर्दी झालेला माणूस वाटतोय." मग त्या जागी मी माझं ते वाक्य घातलं, उलटं फिरवून. कुणाला शब्द कळत नाहीत. मॅडमना एकदम पसंत पडलं.

आज सकाळी मी आप्पांना समोर बसवलं आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला. आधी म्हणाले, "मला नको तुमचं ते गेम-बिम." मग तुझा आवाज आला. त्यांनी हाताने खूण केली, परत लाव. तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा मी त्यांचा प्रश्न आणि माझं उत्तरही चालू ठेवलं. मला वाटलं, आता एक मुस्काटात बसणार. मी जागची हलले नाही, कारण ती बसायलाच हवी होती.

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, "तुला कशाला इचारलं मी? दार उघडून त्यालाच इचारायचं हुतं."

मग आईला हाक मारून इस्त्रीचा शर्ट मागितला. आई डोळ्याला पदर लावून कपाटाकडे गेली, गुडघ्याबद्दल एक शब्द न बोलता. तुझा मित्र रणजीत, त्याच्याकडून तुझ्या खोलीचा पत्ता मी घेतला. आप्पा मला म्हणाले, "मला बोलायला जमायचं न्हाई. तू लिही, मी नेतो." गेला तासभर ते शर्ट घालून समोर बसले आहेत आणि दर दोन मिनिटांनी "झालं का?" विचारतात. म्हणून अक्षर असं पळतंय.

तेव्हा हे पत्र ज्यांनी तुझ्या हातात दिलं ते अजून दारात उभे असतील. तुझं वाचून होईपर्यंत थांबायचं, एवढंच ठरवून आलेत. तुला जे काही म्हणायचं असेल, शिव्यासुद्धा, ते त्यांनाच म्हण. यावेळी मी मध्ये नाही.

डाव्या कानाने त्यांना आता कमी ऐकू येतं. उजवीकडे उभा राहून बोल.

तुझीच,
दर्शू