विहिरीत ढकललेली बाई आणि यांच्या स्वेटरची बाही

मु. दवनीवाडा, ता. गोंदिया
३ जानेवारी १९५६

ती. सौ. सुलोचनाताईस,

धाकट्या धुरपताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे सुखरूप आहोत. तू पाठवलेल्या लोकरीचा स्वेटर पुरा केल्याशिवाय मी सुया खाली ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचं वाचून तुला तसं वाटणार नाही.

लोकरीबरोबर तू कादंबरीचा पहिला भाग पाठवलास, तिथून सगळं बिघडलं. मागच्या वर्षी माझ्या वाचनापायी भात करपला, तेव्हापासून या घरात मला पुस्तकाची बंदी आहे. (भात एकदाच करपला. सासूबाई सात वेळा सांगतात.) म्हणून मी ठोकून दिलं की हे विणकामाचं पुस्तक आहे, यात बघूनच टाके घालावे लागतात. सासूबाईंना अक्षरओळख नाही, आणि यांना शाळेतून आल्यावर पुस्तकाचं तोंड बघवत नाही (म्हणे मास्तर!). महिनाभर सुखाने वाचलं. स्वेटरची पाठ झाली, पुढची बाजू झाली, बाह्या राहिल्या.

नाताळच्या सुट्टीत यांनी गाडी जुंपली आणि आम्ही तिघं नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला निघालो. माझ्या मांडीवर पुस्तक, हातात सुया. वाटेत सासूबाईंना काय सुचलं कोण जाणे, म्हणाल्या, "मोठ्यानं वाच व, मलेही समजू दे." आता आली का पंचाईत! मी "चार सुलट, दोन उलट" सुरू केलं, पण डोळे पानावर. नेमका तिथेच तो मेला दिवाण नायिकेच्या मागे येऊन उभा. "चार सुलट, दोन उलट, चार सुलट... अगं बाई, ढकललं की तिला विहिरीत!"

"कोणाले?" सासूबाई ओरडल्या. यांनी बैल थांबवले.

मी सगळं कबूल केलं. यांनी पुन्हा बैल हाकले. पुस्तक आज चुलीत आणि मी माहेरी, असं मी धरूनच चालले. पण मनाशी पक्कं केलं होतं, मागितली तर लोकर द्यायची, पुस्तक नाही. दर्शन झालं, शिदोरी सुटली. सासूबाईंनी पहिला घास हातातच धरला. "मंग? थे बाई निंगाली का विहिरीतून?"

"पुढं वाचलंच नाही, सासूबाई."

"मंग काऊन बसून राहिली? वाच ना!"

उन्हं कलेपर्यंत वाचलं. हे दोनदा म्हणाले, निघू या. सासूबाई म्हणाल्या, "बैलायले घाई नाही, तुले कायले हाय?" या भरात माझे हात विणतच राहिले, आणि घरी येऊन मापून बघितलं तर बाही यांच्या गुडघ्यापर्यंत! मी उसवायला घेतली, तर सासूबाईंनी सुया हिसकल्या. उसवत बसलीस तर वाचणार कोण? हे सध्या तीन घड्या घालून एका बाहीचाच स्वेटर घरात वापरतात. दुसरी बाही मात्र मी मापूनच विणणार, संक्रांतीच्या आत. बघशीलच.

तुझी,
धुरपता

ता. क. पहिला भाग संपला, आणि ती बाई पुन्हा संकटात आहे. दुसरा भाग मिळेल त्या गाडीने पाठव. पत्र त्यासाठीच लिहिलं.

पुन्हा ता. क. सोबत एक अंकलिपीही पाठव, मोठ्या अक्षरांची. सासूबाई म्हणतात, "तू लय हळू वाचते व."