सांभाळलंस त्याबद्दल

प्रिय जोआन वहिनी,

दादाचा रविवारी फोन आला होता. तो काय म्हणाला ते पुढे लिहितेच. आधी तुझा एक प्रश्न माझ्याकडे राहून गेला आहे, त्याचं उत्तर देते. आईला मातीत ठेवून तुम्ही परत निघालात, तेव्हा विमानतळाच्या रस्त्यावर तू मला विचारलं होतंस, आईच्या दफनाच्या दिवशी येणारा प्रत्येक माणूस तुला ‘वेल डन’ का म्हणत होता? मी ‘आमच्यात पद्धत आहे’ एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला बोलायला जमत नाही, हे तुला माहीत आहे. लिहून बघते.

तुला तो शब्द पहिल्यांदा कुठे लागला ते मला आठवतं. मागच्या अंगणात बायकांबरोबर तू हिरवी केळी सोलायला बसली होतीस. चिकानं हात काळे झाले होते आणि सालीबरोबर अर्धं केळं जात होतं. पाठीमागून जाणारी प्रत्येक बाई तुला ‘वेल डन, वेल डन’ म्हणत होती आणि तू लाल होत होतीस. शेजारची नालोंगो, जुळ्यांची आई म्हणून तिला सगळे तेच म्हणतात, ती तर ओरडली, “अगं, हिची सालं मला द्या गं! माझ्या शेळ्या दोन दिवस जेवतील!” सगळ्या हसल्या. थोड्या वेळानं मातीनं माखलेले कबर खणणारे आले, त्यांनाही वेल डन. मग आत्या आली, माझा हात धरून मलाही तेच म्हणाली, तेव्हा मात्र तू चाकू खाली ठेवलास आणि दादाला बाजूला नेलंस. “तिची आई मेलीय आणि ही बाई तिला टोमणा मारतेय?” असं तू म्हणालीस म्हणे. तुमच्याकडे कुणाच्या हातून बशी फुटली की टोमण्यानं असं म्हणतात, हे दादानं मला नंतर सांगितलं. त्या दिवसांत तो तेव्हा एकदाच हसला.

मी गणित शिकवते, शब्दांतलं मला फार कळत नाही. शाळेतल्या शब्दकोशात वेल डन म्हणजे शाबासकी असं आहे. काम चांगलं झालं की मोठ्यानं लहानाला द्यायची. आमच्यात हा शब्द त्यासाठी नाही. काम कसं झालं ते कुणी बघतच नाही. कुणी पाणी वाहून आणतंय, कुणी शेत खणतंय, कुणी नुसतं उन्हातून चालत आलंय, त्याला म्हणायचं. पोरानं म्हाताऱ्याला म्हटलं तरी चालतं. ‘थँक यू’ सुद्धा ज्याच्यासाठी केलं त्यानंच म्हणावं असं नाही, वाटेवरचा परकाही म्हणतो. आणि ‘सॉरी’ला आमच्याकडे चूक लागतच नाही. झाडाच्या मुळाला ठेचकाळलीस तेव्हा वाटेवरची एक म्हातारी ‘सॉरी, सॉरी’ म्हणाली, तर तू तिला समजावत बसलीस की आजी, तुम्ही काही केलं नाही. ते तिलाही माहीत होतं गं.

आता आईचं लिहिते. कंपालाच्या डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन सुचवलं होतं. आई म्हणाली, “आता पुरे. मला माझ्या कॉफीच्या झाडांत ने.” मी नेलं. दादा फोनवर इतकंच म्हणाला, “तू डॉक्टर आहेस का?” त्यानंतर त्याचे फोन येत होते, पण आईसाठी. मी फोन तिच्या कानाला लावायची आणि बाहेर जायची. मी तिला न्हाऊ घातलं, कूस बदलली, भरवलं. शेवटी ती फक्त केळीच्या पानात वाफवलेलं केळं मागायची, जिभेला लावायची आणि पुरे म्हणायची. ती गेली. मग मला रोज वाटायचं, ऑपरेशन केलं असतं तर?

आमच्यात माणूस गेला की ज्यानं त्याची सेवा केली त्याला येणाऱ्या प्रत्येकानं हे म्हणायचंच असतं. तू सांभाळलंस, वेल डन. रोगी वाचला की गेला, हा प्रश्नच नसतो. आत्या म्हणाली, मामा म्हणाला, पाहुण्यांना घेऊन आलेला मोटारसायकलवाला हेल्मेट काढून म्हणाला. प्रत्येकाला मी मान हलवत होते आणि दादाकडे बघत होते. तो म्हणत नव्हता. मला वाटलं, तो न म्हणताच जाणार.

निघायच्या आदल्या दिवशी मी आईच्या चादरी धुवत होते. तो येऊन उभा राहिला. मग इंग्रजीत नाही, आमच्या भाषेत म्हणाला, “वेबाले कुज्जान्जाबा.” आईला सांभाळलंस, त्याबद्दल वेल डन. याला उत्तर एकच असतं, ‘काले’. बरं, इतकाच त्याचा अर्थ. मी काले म्हणाले. तो आत गेला. मी धुतलेली चादर परत धुतली. त्या रात्री मी आई गेल्यापासून पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपले. म्हणून तुला गाडीत उत्तर देता आलं नाही. बोलले असते तर रडले असते.

रविवारी दादानं तुझे बाबा गेल्याचं सांगितलं. इतकी वर्षं तू त्यांना आपल्या घरात ठेवलंस, रात्री उठून त्यांचे कपडे बदललेस, ते तुला ओळखेनासे झाले तरी भरवत राहिलीस. लोक येतात, दारात कार्ड ठेवतात, हळू आवाजात सॉरी म्हणतात आणि जातात, असं तो म्हणाला. तुझी बहीण म्हणाली की आधीच वृद्धाश्रमात ठेवलं असतंस तर जास्त जगले असते. आणि तू स्वयंपाकघरात उभी राहून त्याला विचारतेस, मी पुरेसं केलं का? त्यानं मला सांगितलं, “इंग्रजीत म्हणालो तर तिला टोमणा वाटेल. तू लिही.” म्हणून लिहिते आहे. आत्यानं निरोप दिला आहे, मामानं दिला आहे, नालोंगोनंही दिला आहे, तिच्या शेळ्यांसकट. वेल डन, वहिनी. तू बाबांना सांभाळलंस. आता पत्र खाली ठेव आणि काले म्हण. घरात कुणी नसलं तरी मोठ्यानं म्हण.

इकडे अंगणात तुझं उत्तर ऐकायला बसलेली,
तुझीच
नाबुकेन्या