वेंगमावशींचं काढ्याचं मडकं

१२ ऑगस्ट

आज पुन्हा सुया! पोटावर, नडगीवर, पायाच्या अंगठ्याजवळ. श्ये डॉक्टरीणबाई सत्तरीच्या पुढच्या, पण हात इतका हलका की सुई आत गेलेली कळतच नाही. कळतं ते नंतर, त्या ती चिमटीत धरून फिरवतात तेव्हा. मग बेंबीच्या खाली वाळक्या नागदवण्याची जळती कांडी धरून बसतात. ऑगस्टमध्ये! बाहेर अख्खं शांतोऊ शहर उकडून निघतंय आणि आत मी भाजून निघतेय.

निदान तेच – गर्भाशय थंड. उत्तरेकडची बाई, लहानपणी बर्फात लोळली, आता भोगा. मी म्हटलं, हार्बिनमधल्या सगळ्याच बायका बर्फात लोळतात, मग तिथली पोरं काय आभाळातून पडतात? त्यांनी जीभ दाखवायला सांगितली. दाखवली. बराच वेळ बघून म्हणाल्या, "अंगातली सगळी उष्णता इथे येऊन बसलीय."

थंड चहा बंद. कलिंगड बंद. आइस्क्रीमचं नावही काढायचं नाही. गाडीतला एसी पायांवर घ्यायचा नाही. मी गाडी शिकवते, दिवसभर त्याच एसीत बसते! शिकाऊ लोक ब्रेकऐवजी भलतंच दाबतात तेव्हा माझं अंग आपोआप गरम होतं, ते धरतील का, विचारायला हवं.

१३ ऑगस्ट

मोजे घालून झोपले. मुशेंग हसला. नवऱ्याला लाथ मारली, मोज्यासकट.

१६ ऑगस्ट

काढा घरी करायला लागल्यापासून घराला जंगलाचा वास येतो. आधी दवाखान्यातूनच उकळून, पिशवीत बांधून मिळायचा. सासूबाईंना तो पटेना, म्हणाल्या, मशीनच्या काढ्यात जीव नसतो. काढा मातीच्या मडक्यातला, मंद आचेवरचा, आणि शेजारी माणूस बसलेलं हवं. ते माणूस म्हणजे त्या स्वतः. स्टूल टाकून बसतात, वर बोटभर पेल्यातून चहा पीत राहतात. झाकण कुणाला उघडू देत नाहीत.

मडकं पाचव्या मजल्यावरच्या वेंगमावशींचं. त्यांच्या आईच्या वेळचं, तोटी जरा उडालेली. त्यांची सून मानयुन ह्याच मडक्यातला काढा प्यायली आणि तिला दिवस राहिले. पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नसतं, पण आमच्या जिन्यात लसणाची फोडणी लपत नाही, तिथे हे काय लपणार! सासूबाईंनी बातमी लागल्या दिवशीच वर जाऊन मडकं मागून आणलं. मानयुन गुणाची पोर. मागच्या वर्षी तिचं एक पोटातच गेलं, त्यामुळे ह्या वेळी सगळी बिल्डिंग चवड्यावर चालतेय.

मी सगळ्यांना म्हणत फिरते, झालं तर झालं, नाही तर नाही. इथे खरं लिहिते. मला मूल हवंय. फार हवंय. मी अडतीस वर्षांची आहे. मुशेंगच्या तपासण्या झाल्या, माझ्या झाल्या, मोठ्या हॉस्पिटलात दोनदा सगळं करून झालं. आमचं दोघांचं ठरलंय – नववर्षापर्यंत. मग बंद, आणि नंतर एकमेकांना टोचायचं नाही.

१८ ऑगस्ट

पाळी आली. आइस्क्रीम खाल्लं. दोन.

२५ ऑगस्ट

आइस्क्रीमचं डॉक्टरीणबाईंना नाडीवरून कळलं! निदान त्या तसं म्हणाल्या. मला वाटतं सासूबाईंनी चुगली केली. काढ्यात आता करडईची फुलं वाढवलीत, रक्त चालतं व्हायला. रंग बरा आलाय. चव मात्र तीच, जुन्या चपलेची.

७ सप्टेंबर

आई आली! हार्बिनहून, चंद्राचा सण होईपर्यंत राहणार. दोन बॅगा, त्यातली एक नुसती धुरावलेल्या सॉसेजची. घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाली की मी वाळलेय, मुशेंग सुटलाय आणि ह्या घरात हवा नाही. सासूबाईंनी चहा दिला. आईने तो बोटभर पेला एका घोटात संपवून बाकीचा कुठाय म्हणून इकडेतिकडे पाहिलं. दोन्ही विहिणी अकरा वर्षांत अजून एकमेकींना मोजूनच घेतायत.

आज मात्र मी आईच्या कुशीत शिरून झोपणार. मुशेंगला बाहेर सोफा.

९ सप्टेंबर

झालं. वाटोळं झालं.

मी कामावर, सासूबाई बाजारात. आईला कळलं होतं की मडकं शेजाऱ्यांचं आहे. आमच्याकडची रीत – दुसऱ्याचं भांडं घरात ठेवून घ्यायचं नाही आणि परत करताना रिकामं द्यायचं नाही. तिने ते घासून लख्ख केलं. आत पाइनच्या बिया, वर चार सॉसेज. पाचव्या मजल्यावर गेली. वेंगमावशी घरी नव्हत्या. दार मानयुनने उघडलं. आईने हसून मडकं पुढे केलं आणि त्या बिचारीने मोठ्या माणसाचा मान म्हणून दोन्ही हातांनी घेतलं.

इथे काढ्याचं मडकं कधी परत करत नाहीत. कधीच नाही. ज्याला गरज असेल त्याने येऊन मागायचं, न्यायचं. मालकाला स्वतःला लागलं तरी त्यानेच येऊन न्यायचं. आपण होऊन परत करणं म्हणजे आपलं दुखणं त्याच्या घरात नेऊन टाकणं. आणि माझं दुखणं काय? पोर न होणं. ते कुणाच्या हातात दिलं? पोटुशीच्या!

हे आईला सांगायला हवं होतं. अकरा वर्षं इथे काढली, मला ते इतकं अंगवळणी पडलंय की सांगायचं सुचलंच नाही.

सासूबाई भाजीची पिशवी घेऊन दारात आल्या, रिकामी चूल बघितली आणि खालीच बसल्या. आई विचारत राहिली की सॉसेज कमी पडली का.

१० सप्टेंबर

आईला समजावलं. आधी म्हणाली, हे कसलं खूळ, मातीच्या भांड्यातून कुणाचं दुखणं जातं होय! मग बाहेर जाऊन विजेवरचं काढा करायचं नवीन भांडं घेऊन आली, त्याला सतराशे बटणं. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. दोघी एकाच स्वयंपाकघरात एकमेकींकडे पाठ करून भाजी चिरतायत, आणि भाजी मात्र कमालीची बारीक चिरली जातेय.

वेंगमावशी जिन्यात भेटल्या. हसल्या. नेहमीसारख्या थांबल्या नाहीत.

१२ सप्टेंबर

मानयुनला थोडं रक्त गेलं. रात्रीतून हॉस्पिटल. बाळाचे ठोके आहेत, घाबरू नका, अंथरुणातून उठू नका, असं पुष्कळांना होतं – असं डॉक्टर म्हणाले म्हणे.

मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

१५ सप्टेंबर

मानयुनला घरी आणलंय, पण ती जेवत नाही. पेजही नाही. भिंतीकडे तोंड करून रडते, म्हणते, ते मडकं मीच हातात घेतलं. वेंगमावशींनी दारात उदबत्त्या लावल्यात, त्यांचा वास आमच्यापर्यंत येतो. मडकं फोडून टाका, असं कुणीतरी सुचवलं. त्यांच्या आईचं मडकं! त्यांच्याने ते होईना.

मी श्ये डॉक्टरीणबाईंना विचारलं, असं खरंच होतं का? त्या सुया मोजून डब्यात ठेवत होत्या. म्हणाल्या, मडक्याने काही होत नाही, पण न जेवल्याने होतं.

१७ सप्टेंबर

सासूबाईंनी आज उपाय सांगितला आणि लगेच म्हणाल्या, तू हे करणार नाहीस. उपाय साधा आहे. ज्याचं दुखणं, त्याने जाऊन मडकं पुन्हा मागून आणायचं. मग दुखणं परत त्याच्या घरी. "ते मी करू देणार नाही," त्या म्हणाल्या. "मीही माणूस आहे. मला नातवंड नको का?" एवढी वर्षं मला वाटायचं की त्यांना फक्त घराण्याची काळजी. आज माझा हात धरून बसल्या होत्या.

आता खरं काय ते. पाळी पुढे गेलीय. दोन दिवस. कुणाला सांगितलेलं नाही. तपासणीची पट्टी आणायची हिंमत नाही, सहा वर्षांत एका रेघेच्या पट्ट्या पोत्याने पाहिल्या. दोन दिवस म्हणजे काहीच नाही. एसीने होतं. आईच्या आणि सासूबाईंच्या भांडणाने तर दोन महिनेही पुढे जाईल.

पण समजा असलं तर?

१९ सप्टेंबर

अजून नाही.

२० सप्टेंबर

मी असल्या गोष्टी मानत नाही. गाडीचा आरसा फुटला तर मी शकुन बघत नाही, पैसे वसूल करते. मग तिसऱ्या मजल्यावरून पाचव्यावर जायला आज माझे पाय का उचलत नव्हते? चौथ्या मजल्याच्या वळणावर कुणाच्या तरी सायकलीला टेकून उभी राहिले. मनात म्हटलं, शुएली, खाली जा, टीव्ही बघ, हे तुझं काम नाही. पोटावर हात गेला. तो झटकला. रागच आला मला – आईचा, मडक्याचा, मानयुनचासुद्धा! मग गेले.

वेंगमावशींनी दार उघडलं. मी मुद्दाम मोठ्याने बोलले, शिकाऊ लोकांवर ओरडते त्या आवाजात, आतल्या खोलीत ऐकू जावं म्हणून.

"मावशी, मडकं न्यायला आलेय."

"कशाला गं?"

"काढ्याला. माझं दुखणं अजून गेलेलं नाही. ते माझ्याकडेच आहे."

त्यांना सगळं समजत होतं. मग आत गेल्या आणि मडकं घेऊन आल्या. मी दोन्ही हातांनी घेतलं. घरी आणून चुलीवर ठेवलं. सासूबाई तोंड धुवायला मोरीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आईने मात्र मला मिठी मारली, म्हणाली, मला हे काही कळत नाही, पण तू चांगलं केलंस.

संध्याकाळी वरून निरोप आला – मानयुनने वाडगाभर पेज खाल्ली. खारवलेला मुळाही मागितला.

मी खूप रडले. बाथरूममध्ये नळ सोडून.

२६ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंकडे गेले. नाडी पाहिली. डावा हात, उजवा हात, पुन्हा डावा. मी विचारलं, काय झालं? त्यांनी पेन उचललं आणि माझ्या चिठ्ठीतली करडई खोडली. पीचच्या बियाही खोडल्या. रक्त हलवणारं सगळं एकेक करून खोडलं. मग म्हणाल्या, "आज सुया नाहीत. खेकडा खायचा नाही. जड उचलायचं नाही. आणि तोंड बंद ठेव, तुला ते सगळ्यात अवघड जाईल."

येताना पट्टी घेतली. दोन रेघा! पेट्रोलपंपाच्या संडासात उभी राहून बघत होते, बाहेर माझा शिकाऊ हॉर्न वाजवत होता. वाजव बाबा, वाजव!

फक्त मुशेंगला सांगितलं. तो खेळण्यांच्या कारखान्यात काम करतो, दिवसाला हजार बाहुल्या हाताखालून जातात. तो जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा हमसून रडला.

आणि चुलीवर ते मडकं. आता भीती वाटते. रात्री उठून त्याच्याकडे बघते. मी मानत नाही. पण भीती वाटते.

२९ सप्टेंबर

सण. गच्चीवर सगळी बिल्डिंग. चंद्राची पूजा बायकांची, पपनस, अळकुड्या, सारण भरलेल्या चांदपोळ्या. मानयुनही आली, खुर्चीवर बसून, तीन महिने उलटले तिचे, गाल जरा वर आलेत. आई आणि सासूबाई एकाच ताटातून खात होत्या. एकमेकींची भाषा कळत नाही, पण दोघी मिळून मुशेंगच्या पोटाला हसत होत्या.

मग आले खेकडे. मी ह्या बिल्डिंगची खेकडेवाली. मागच्या वर्षी मी किती खाल्ले ते लोक अजून सांगतात. मुशेंगच्या चुलत्याने सगळ्यात मोठा माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, पोट बिघडलंय. सगळे हसले, उत्तरेची वाघीण म्हातारी झाली म्हणाले. मीही हसले.

वेंगमावशी हसल्या नाहीत. त्यांनी माझी बशी हळूच उचलून आपल्यापुढे ओढली, आणि माझ्यापुढे पपनसाच्या फोडी ठेवल्या.

३० सप्टेंबर

सकाळी दारात वेंगमावशी. म्हणाल्या, "खोकला झालाय मला. मडकं न्यायला आलेय." खोकून दाखवलं. एवढा खोटा खोकला मी जन्मात ऐकला नाही.

मी म्हटलं, "मावशी, वर मानयुन आहे."

"तिचे तीन महिने झाले," त्या म्हणाल्या. "तुझे व्हायचेत."

मडकं त्यांनी स्वतः उचललं. मला हात लावू दिला नाही.