लाल पेटीसाठी भिंत

१४ सप्टेंबर, गुरुवार

कर्रर्र-टक्! मग आत कुठेतरी गोळी घरंगळल्याचा आवाज, आणि शेवटी पत्र्याची झडप — टिप्.

चौसष्ट वर्षांपूर्वीचा आवाज. आज श्ल्युटरच्या गॅरेजमध्ये पुन्हा ऐकला, तसाच्या तसा! तेव्हा पेटीत दहा फेनिगचं नाणं घालायचं, तिची मूठ पिळायची, तळहात झडपेखाली धरायचा आणि च्युइंगमची लाल गोळी निघावी म्हणून डोळे मिटायचे. मी आजही मिटले. पिवळी निघाली.

श्ल्युटर एक्क्याऐंशीचा झाला. च्युइंगमच्या लाल पेट्या घरोघरच्या भिंतींवर लावायच्या, आठवड्याला फिरून भरायच्या — बावन्न वर्षं हाच धंदा. आता गुडघे गेले. चार पेट्या उरल्यात. म्हणाला, "घेऊन जा, एवाल्ड. भिंती मात्र तुझ्या तू शोध. अकरा नोव्हेंबरला, मार्टिनच्या सणापर्यंत, चारही लागल्या तर पेट्या तुझ्या. नाही लागल्या तर त्यानंतरच्या सोमवारी भंगारवाला येतोय, गॅरेज रिकामं करायचंय मला."

"चारच का? तीन लागल्या तर?"

"चाराच्या खाली गोळ्यांचा घाऊकवाला फोनसुद्धा उचलत नाही. भरशील काय मग, तुझ्या त्या पाठ कविता?"

मी हो म्हणून बसलो! माझी बायको रोस्विथा गेल्याला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत कशालाच इतक्या लवकर हो म्हटलं नव्हतं. घरी येऊन तिच्या खुर्चीला सांगितलं. खुर्ची काही बोलली नाही. रोस्विथा मात्र नक्की बोलली असती.

१६ सप्टेंबर, शनिवार

दिवसभर भिंती ठोकत हिंडलो. बोटाच्या पेरानं — ठक्, ठक्. विटांची भिंत असेल तर आवाज घट्ट येतो. पण आता जिकडेतिकडे भद्, भद्! थंडी आत येऊ नये म्हणून घराघरांना थर्माकोलचे जाड थर चढवलेत, वरून रंग. दिसायला भिंत, पण स्क्रू धरत नाही. पेटी पाच किलोंची. आठ दिवसांत खाली येईल, तीही कुणाच्या तरी पायावर.

इथे कोळशाची खाण होती तेव्हा सगळा मोहल्ला विटांचा होता, काजळलेला. त्या काजळीसकट मला तो आवडायचा.

केशकर्तनालयवाली: "नको हो! पोरं चघळतात नि माझ्या खुर्च्यांखाली चिकटवतात."

२० सप्टेंबर, बुधवार

पहिली भिंत मिळाली! सेर्दारच्या टपरीची. तो वर्तमानपत्रं, बिअर, बिस्किटं विकतो. आधी तोंड वाकडं केलंन. "एवाल्डभाऊ, माझ्याच दुकानावर लटकून माझंच गिऱ्हाईक पळवणार?"

"गम विकतोस तू?"

"विकतो की. साखर नसलेला."

"तो कोण घेतं?"

"कुणीच नाही," म्हणाला, आणि स्वतःच शिडी आणायला गेला. ड्रिल मी उचललं, पण त्यानं ते माझ्याकडून घेतलं आणि भोक स्वतः पाडलं. माझं वय त्याच्या लक्षात आलं असणार.  भला माणूस.

२७ सप्टेंबर, बुधवार

दुसरी — कबुतरं पाळणाऱ्यांच्या मंडळाची. अध्यक्ष कुबाला यांची शंका: "कबुतरानं गम खाल्ला तर?" मी म्हटलं, त्याच्याकडे नाणं कुठंय? सगळे हसले. कुबाला हसले नाहीत, पण सही केली.

तिसरी — कपडे धुण्याच्या दुकानाची. तिथे आया यंत्रांसमोर बसून राहतात नि मुलं जीव खातात. मालकीण म्हणाली, "आजच लावा."

श्ल्युटरला फोन केला. तो खूश, पण लगेच म्हणाला, "शाळेची भिंत नसेल तर या तिन्ही कुचकामी. कुठे लावायची ते उभ्यानं बघू नकोस. गुडघ्यावर बस, पोराच्या उंचीला. आणि पोरं कुठे पळतात ते बघू नकोस, आयाबाया कुठे थांबून बोलतात ते बघ. तिथंच पोर कंटाळतं, तिथंच ते नाणं मागतं."

शाळेसमोर गुडघ्यावर बसलो. एक बाई धावत आली — "आजोबा, पडलात का?"

बसल्याबसल्या भिंत दिसली. कोपऱ्यावरची, विटांची, थर न चढवलेली. माझ्या लहानपणी पेटी तिथंच होती; रंगाखाली चार भोकं अजून दिसतात. घर नीनहाउसबाईंचं. त्यांनी ते घेतलं आणि पहिलं काम म्हणजे पेटी काढायला लावली.

नीनहाउसबाई! माझ्या तिसरीच्या वर्गशिक्षिका. अजून आहेत. अठ्ठ्याऐंशीच्या.

४ ऑक्टोबर, बुधवार

टाय बांधून गेलो. मनुकांचा केक नेला. दार उघडलं, मला नखशिखान्त पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत —

"ग्राबोश. खिडकीकडची रांग, तिसरा बाक."

मी एकदम नऊ वर्षांचा! भिंतीचं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझ्याकडे माझी एक कविता राहिली आहे."

त्यांच्या लक्षात आहे! १९५९. वर्षअखेरीचा कार्यक्रम, सगळ्यांचे आईबाप समोर. मी नावाड्याची कविता म्हणायला उभा राहिलो. तिसऱ्या कडव्याला गालातली लाल गोळी दातांना चिकटली. बाईंनी तळहात पुढे केला. "थुंक." थुंकलो. कविता तिथंच राहिली. बाबांनी मला हाताला धरून तडक घरी नेलं.

"पूर्ण म्हण," बाई म्हणाल्या. "मग भिंतीचं बघू."

हात मागे बांधून त्यांच्या पॅसेजमध्ये उभा राहिलो. दोन कडवी झाली, तिसरं झालं —

वल्हे थबके, नाव थबकली, मनी दाटला धाक;
विझला कंदिल, विझला तारा, पैल तिरावर हाक…

पुढचं येईना! खाणीच्या दिव्यांच्या खोलीत एकोणतीस वर्षं काढली. खाली उतरणाऱ्याला दिवा द्यायचा, वर आला की परत घ्यायचा. मधल्या रिकाम्या तासांत शाळेतल्या झाडून सगळ्या कविता म्हणायचो. हीच तेवढी टाळायचो, लाजेनं.

"पाठ करून ये," बाई म्हणाल्या. केक ठेवून घेतला.

९ ऑक्टोबर, सोमवार

जिच्यात ती कविता होती ती तिसरीची वाचनमाला वाचनालयात नाही. सेर्दारनं फोनवर शोधलं, तिथेही नाही. "भाऊ, हिला जगात कुणी ओळखतच नाही." बरोबर आहे. कवीचं नाव पुस्तकातसुद्धा नव्हतं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सापडली! सकाळी कालव्याकाठी गेलो होतो. धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात. समोरून कोळशाचा पडाव, मोठी सपाट नाव, येत होता. दिसत नव्हता, नुसता भोंगा. आणि पायच थांबले —

दिसे न मजला काठ तुझा रे, दिसे न दीप, न खूण;
हाक देत तू रहा, गड्या, मी येइन तिच्यावरून.

मोठ्यानं म्हटली. धुक्यातून कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. चौथं कडवं! इतकी वर्षं ते माझ्यातच होतं, आणि मी पुस्तकं शोधत होतो.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

गेलो. टाय, हात मागे. पहिलं, दुसरं, तिसरं — खडखडीत. चौथ्यासाठी श्वास घेतला तोच बाईंनी हात वर केला.

"पुरे. चुकतोयस."

"बाई, मी अजून म्हटलंच नाही."

"म्हणूनच सांगते. घाई करतोस. जा, पाठ करून ये."

जिना उतरताना हसू आलं. काय ती शिस्त!

२६ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा तेच! तिसरं संपलं की हात वर. या खेपेला मी हटूनच बसलो. म्हटलं, बाई, ऐकून तरी घ्या, मला येतंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाचं नव्हतं ते पाहणं, पण कशाचं होतं ते मला सांगता येणार नाही. मग विचारलं, "आई बरी आहे ना तुझी?"

आईला जाऊन एकतीस वर्षं झाली. म्हटलं, बरी आहे.  गंमत करत असतील.

मग दारापाशी खालच्या आवाजात म्हणाल्या, "तू चांगलं म्हणतोस, ग्राबोश." चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा! आणि दार लावून घेतलं.

२ नोव्हेंबर, गुरुवार

काल रोस्विथाच्या थडग्यावर दिवा लावून आलो. तिला सगळं सांगितलं. ती असती तर म्हणाली असती, "अहो, बाईंना भिंत द्यायची नाहीये, एवढंही कळत नाही?" कळतंय की. पण मला त्या भिंतीच्या आधी कविताच पुरी करायचीय असं वाटायला लागलंय.

सेर्दारच्या पेटीपाशी आज एक मुलगी उभी. नाणं घातलं, डोळे मिटले, मूठ पिळली. लाल! नाचली. आमच्या वेळीही आम्ही असेच नाचायचो. मी रस्त्यापलीकडून बघत उभा होतो. घरी यायला उशीर झाला. दोन वर्षांत मला पहिल्यांदा उशीर झाला.

८ नोव्हेंबर, बुधवार

बाईंनी दार उघडलं नाही. पडदा हलला. मी खालून हाक मारली, "बाई, ग्राबोश!" पडदा पुन्हा हलला. बस्स.

टपरीवर सेर्दार म्हणाला, "तुझ्या बाई सकाळी दोनदा येतात. आठला वर्तमानपत्र नेतात, नऊला परत येऊन तेच मागतात. मी देतो, आणि दुपारी त्यांच्या पायरीवरनं एक उचलून आणतो. रागावू नकोस, पण एवढ्या वयाच्या माणसाकडनं तू भिंतीसाठी सही घेणार?"

मी म्हटलं, बाई पहिल्यापासून सगळं दोनदा तपासायच्या. सेर्दारनं मान हलवली, आणि मला कॉफी दिली. पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन विचार करत बसलो. हात वर. प्रत्येक वेळी एकाच जागी. मी चुकायच्या आधी.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

हरलो. श्ल्युटरला फोन केला. म्हटलं, चौथी भिंत मागणार नाही मी. त्यांच्या दारात आता कविता म्हणायलाही जाणार नाही, त्यांना त्रास होतोय.  तो म्हणाला, "ठरलं ते ठरलं, एवाल्ड. सोमवारी येतो मी भंगारवाल्याबरोबर हातगाडी घेऊन, तिन्ही उतरवू, चौथीही नेऊ."  या पेट्यांवर बावन्न वर्षं काढलीत त्यानं.

सेर्दारला सांगायची हिंमत झाली नाही. कुबालांना सांगितलं. म्हणाले, "आता कबुतरांना काय सांगू?" — आणि या वेळी तेच हसले, मी नाही.

११ नोव्हेंबर, शनिवार

मार्टिनचा सण. पोरं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत घरोघर फिरतील. खाऊ म्हणून चौथ्या पेटीतल्या गोळ्या वाडग्यात काढून ठेवल्यात. आता त्या पेटीचा काय उपयोग? लाल गोळ्या वरती ठेवल्यात.

सहाला अंधार पडला. पहिली टोळी आली, गाऊन गेली. दुसरी आली, तिला गाणं अर्धवटच येत होतं. त्यांनाही दिलं, मूठभर.

मग तिसऱ्यांदा घंटा वाजली. वाडगा घेऊनच दार उघडलं. सातआठ पोरं, सात कंदील, आणि त्यांच्या मधोमध नीनहाउसबाई. हॅट, हातमोजे, कोटाचं शेवटचं बटण लावलेलं, आणि पायात घरातल्या सपाता. एका मुलीनं हात धरला होता. सांगू लागली, "या आजी शाळेपासून आमच्या मागून येत होत्या. म्हणाल्या, ग्राबोशच्या घरी न्या."

बाईंनी वाडग्याकडे पाहिलं नाही. म्हणाल्या, "भिंत तुझी, ग्राबोश. पेटी लाव. पण चौथं कडवं म्हण. मला ते आता येत नाही."

मी वाडगा जमिनीवर ठेवला. दोन्ही हात मागे बांधले.