टीव्हीसाठी घेतलेला राउटर

मंगळवार, भोर

मानसी उद्या पुण्याला परत जाते म्हणाली, म्हणून हे लिहिते आहे. चूक माझीच. माझ्या या लेकीने ऑफिसच्या कामासाठी राउटरवर व्हीपीएन बसवल्यापासून घरातले सगळे इंटरनेट परदेशातून फिरून येते आणि टीव्हीही तिकडे गेल्यासारखा वागतो. माझी मालिका लावली की ‘आपल्या देशात उपलब्ध नाही’. काल मालिकेच्या वेळी मी तो व्हीपीएनच बंद केला. वरच्या खोलीत तिची मीटिंग चालू होती, ती तुटली.

‘आई, हा काय शाळेचा तास आहे, तुझ्या घंटेवर सुटायला?’

मी उलट बोलले. का बोलले? चार महिने वरून तिचा आवाज येतो. निम्मे समजत नाही, तरी स्वयंपाक करताना बरे वाटते. तो आवाज गेल्यावर मालिका कशाला हवी?

दुपारी सलीमभाईंच्या दुकानात गेले. दोन राउटर परत ठेवायला लावले; त्यांत सगळे घर व्हीपीएनमधूनच जाणार. तिसरा काढून ते म्हणाले, ‘बाई, ह्यो घ्या. ताईंचं काम व्हीपीएनमधनं, तुमचा टीव्ही सरळ. समद्यांना एका दावणीला कशाला बांधायचं? ताई ऱ्हात्यात न्हवं हितंच?’

‘टीव्हीसाठी घेतेय,’ मी म्हटले. एवढ्या साध्या प्रश्नालाही खरे उत्तर देता येऊ नये?

घरी आले तर तिची बॅग जिन्यापाशी. वरून आवाज नाही.

सात वाजता राउटर खोक्यासकट मानसीच्या हातात दिला आणि ‘राहा’ म्हणाले. तिने खोके घेतले आणि तिथेच उघडले.