इमारत संपेपर्यंतची औषधं

सोमवार, ४ फेब्रुवारी

लिहायचं टाळत होतो. वही पिशवीच्या तळाशी, तिच्यावर पॉलिश पेपर, त्यावर मळके कपडे. रोज म्हणायचं, उद्या. कंटाळा आला होता असंही नाही. कंटाळा यायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो, तेवढाही नव्हता.

आज लिहितोय कारण सकाळी परांचीवर, चौथ्या मजल्यावर, एकाच खिडकीची कड मी पुन्हा पुन्हा रंगवत बसलो होतो. आणि वाटलं, हात सुटला तरी काय बिघडतं? अगदी शांतपणे वाटलं. भीती वाटली नाही. मग त्याचीच भीती वाटली.

खालून मुकादम ओरडला, "भिंगरे, लग्न लागलंय का त्या खिडकीशी? उतर खाली." टोळीत मला भिंगरीच म्हणतात, एका जागी ठरत नाही म्हणून. उतरलो.

बुधवार, ६ फेब्रुवारी

सरकारी दवाखान्यात गेलो. मनाच्या आजारांच्या रांगेत उभं राहायची लाज वाटली, म्हणून आधी पोटाच्या रांगेत. पोटाचं सांगायला सोपं. तिथल्या भिंतीला प्राइमर न मारताच रंग दिलाय — पापुद्रे सुटलेत, खाली जुना निळा, त्याखाली त्याहून जुना पिवळा. ते बघत बसलो नि नंबर गेला. मग गेलो पलीकडे, जिथे जायला हवं होतं तिथे.

डॉक्टरीणबाई माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाच्या. मी नेहमीचं सुरू केलं — झोप नाही, भूक नाही, पाय दगडाचे. दुःख झालंय का? नाही हो, दुःख तरी झालं असतं तर बरं. आधी कुठे दाखवलंय का? म्हटलं, दाखवलंय की, जिथे जिथे काम लागलं तिथे. कोणती औषधं? एक पांढरी, एक गुलाबी, एक अर्धी करून घ्यायची. कशानेच काही झालं नाही.

प्रत्येक औषध किती दिवस घेतलं, विचारलं.

"काम संपेपर्यंत," मी म्हटलं.

एक इमारत रंगवायला किती लागतात? धरा तीन आठवडे. मग टोळी हलते. गोळ्या तिथेच टाकायच्या. गाव सुटलं की आजारही सुटेल असं वाटतं, आणि नव्या गावात सुरुवातीला हुशारी येतेही! मग पुन्हा तेच. पुन्हा नवा दवाखाना, नवा केसपेपर.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "या औषधांचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर वेळी गुण यायच्या तोंडावर बिऱ्हाड हलवलंत. औषध लागू पडतं की नाही, हे अजून कुणालाच कळलेलं नाही, दादा."

आणि मी गावोगाव सांगत सुटलोय की गोळ्यांनी काही होत नाही.

मग त्यांनी सरळच विचारलं, "जीव नकोसा वाटतो का?"

आजवर कुणी विचारलं नव्हतं. खिडकीचं सांगितलं. माझाच आवाज दुसऱ्या कुणाचा वाटत होता. त्या घाबरल्या नाहीत, उपदेशही केला नाही. परांचीवर चढायचं नाही. एकट्याने राहायचं नाही. तसा विचार आला तर थांबायचं नाही, केसपेपरवर लिहून दिलेल्या नंबरवर फोन करायचा किंवा सरळ इथे यायचं. लिहून दिलेली गोळी रोज घ्यायची, दर बुधवारी तोंड दाखवायचं. आणि हा आळस नाही, स्वभाव नाही, आजार आहे — हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा थोडं आत गेलं.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

मुकादमाला सांगितलं, डोक्याचं औषध सुरू झालंय. म्हणाला, तुला डोकं आहे हेच आज कळलं. सगळे हसले, मीही हसलो. नंतर एकट्याला गाठून म्हणाला, हे रिकामपणाचे चोचले आहेत. पुढच्या आठवड्यात पुढचं गाव, हवा बदलेल. तिथे काय दवाखाना नाही?

आहे. तिथेही असेल. तीच तर गोम आहे.

पण परांचीवर मात्र चढू देत नाही मला. खाली पुट्टी कालवायला बसवलंय. कुणी विचारलं तर सांगतो, याला चक्कर येते.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

टेम्पो भरला. बांबू, दोर, डबे. मी चढलोसुद्धा! ड्रायव्हरशेजारची जागा, खिडकीची. टेम्पो हलला नि एकदम हलकं वाटायला लागलं — नेहमीसारखंच. अगदी नेहमीसारखंच. तेव्हा कळलं. वळणावर म्हटलं, थांबवा.

मुकादमाने पिशवी खाली दिली. पट्टा मात्र लवकर सोडला नाही.

ज्यांच्याकडून रंग घ्यायचो त्या दुकानातल्या काकूंना माणूस हवाच होता. रंग मिसळायच्या मशीनवर बसायचं. राहायला त्यांच्या घरातलीच मागची खोली. त्यांना खरं सांगितलं. म्हणाल्या, माझ्या नणंदेला होतं हे, दार उघडं ठेवून झोपत जा.

बुधवार, २० फेब्रुवारी

तोंडाला कोरड, पोटात ढवळतं, गुण शून्य. बाई म्हणाल्या, त्रास आधी येतो, गुण मागून. ढवळणं कमी होईल, मनाने बंद मात्र करू नका.

रंगांना नावं कोण देतं? आज एका करड्याचं नाव ‘सुखद सकाळ’. करडा तो करडाच! गिऱ्हाईकाने दोन डबे नेले.

बुधवार, २७ फेब्रुवारी

डोस थोडा वाढवला. शिवाय दवाखान्यातल्याच, पेशंटशी बोलायला बसणाऱ्या ताईंकडे पाठवलं. मला वाटलं, बोलायचं काय त्यात. तर नुसतं दिवसभर काय केलं हे सांगता सांगता रडायला आलं. मी म्हटलं, मी मुळातच भटक्या, असं खुंट्याला बांधून राहणं जमायचं नाही. ताई म्हणाल्या, तुम्हाला भटकायची आवड आहे की थांबायची धास्ती, ते बरं वाटल्यावर ठरवू. आजच ठरवायला हवं असं कुठाय?

डोक्यावरचं ओझं कुणीतरी घटकाभर धरल्यासारखं झालं.

सोमवार, ४ मार्च

काही नाही. गोळी घेतली. एवढंच.

शुक्रवार, ८ मार्च

पिशवी भरली होती. स्टँडवर जाऊन बसलो. दोन गाड्या सोडल्या. तिसरी यायच्या आत त्या नंबरवर फोन केला. बुधवारची वाट न बघता या म्हणाले. गेलो. रागावलं कुणी नाही. तीन आठवडे झाले, इमारत संपायची वेळ झाली की तुमचे पाय आपोआप निघतात, बाई म्हणाल्या. आता ते ओळखता येईल.

बुधवार, १३ मार्च

भूक लागली. लिहायचं राहूनच जात होतं, इतकी साधी लागली. काकूंकडे आणखी वाढा म्हटलं तर त्या भांडं हातात धरून माझ्याकडे बघतच राहिल्या.

दुपारी पुन्हा जड. पण सकाळी नव्हतं, हे मला आठवत होतं. पूर्वी आठवत नसे. बाई म्हणाल्या, औषध लागू पडायला लागलंय. अजून बरेच महिने घ्यायचंय, बरं वाटलं तरी.

सोमवार, १८ मार्च

मुकादम आलाय. पुढच्या गावाहून, सकाळच्या गाडीने, एकटाच. मला न्यायला आला असेल म्हणून मी ‘नाही’ जिभेवर तयार ठेवलं. तो दुकानाच्या पायरीवर बसलाय. काकूंनी दिलेलं पाणी तसंच हातात. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "भिंगरे, त्या तुझ्या बाई... पहिल्यांदा आलेल्या माणसाला काय काय विचारतात रे?"